कोपरा कापलेली पिशवी

कचऱ्यालाही बोलता येत होतं आणि तो फारच बोलत असे, त्या काळची ही गोष्ट. जुनं प्लास्टिक धुण्याच्या हौदाकाठी मिरचीच्या वाफ्यांवरून काढलेला एक काळा मल्चिंग पेपर, म्हणजे तण उगवू नये म्हणून मातीवर अंथरतात ते पातळ प्लास्टिक, येऊन पडला. घडीघडीत चिखल! शेजारची दुधाची पिशवी लगेच फिसकन हसली.

"लांब सरक रे! तू उतरलास तर सगळं पाणी नासेल. मला बघ, कशी पांढरीशुभ्र!"

बिचारा पेपर लाजून आणखीच गुंडाळून बसला. पण धुणाऱ्या हौसाबाईंनी टोक धरून त्याला हौदात ओढलं. "अंग चोरू नकोस बाबा, ऐसपैस पसर!" तो भीतभीत पसरला, तशी माती तळाशी गेली आणि तो अलगद वर तरंगला. अंग कसं हलकं झालं!

मग हौसाबाईंनी पिशवी उचलली आणि नाकाला पदर लावला. पिशवीचा कोपरा तेवढा कापलेला. आत तीन दिवसांचं दूध आंबलेलं. त्यांनी चाकू घेतला, तशी पिशवी किंचाळली. "मी नाही हं फाडून घेणार!"

"अगं ये," पेपर पाण्यातून ओरडला, "एकदा उघडलं की पुढे मजाच आहे!"

पिशवीने डोळे मिटून उभं चिरून घेतलं, आणि मग दोघं हौदभर नाचली.

पुढे दोघांना एकत्र वितळवून ठिबक सिंचनाची एकच नळी झाली आणि ती मिरचीच्या शेतात गेली. पहिल्याच दिवशी तिला चिखल लागला. नळीतला पेपर ओशाळला.

पिशवी खळखळून हसली. "असू दे रे, बाहेरच आहे."