तुळसाबाईंचा विराम

“पण ताई, नुसतं एवढं सांगा ना, जुनी पाठवू की नवी?”

पुष्करनं हे दुपारपासून चौथ्यांदा विचारलं होतं. थंडीचे दिवस होते आणि अंबूताई कानातला कापूस काढत होत्या.

पुष्कर हा ताईंचा शेवटचा शिष्य. गळा बेताचा, पण कान असा, की शेजारच्या घरातला पंखा कुठल्या सुरात फिरतोय ते सांगेल. विचारलं नाही तरी सांगेल! गाणं सोडून तो पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात पडला. जुन्या रेकॉर्डी साफसूफ करून नव्यानं काढायच्या, हे त्याचं काम. मी त्याच्या वीस वर्षं आधीची शिष्या, तेव्हा त्याच्याबद्दल असं बोलायचा मला हक्क आहे.

आज मात्र त्याचा सगळा तोरा उतरला होता.

कारण ही रेकॉर्ड तुळसाबाईंची होती. तुळसाबाई म्हणजे आमच्या ताईंच्या गुरू. बावन्न वर्षांपूर्वी कोल्हापुरात त्यांची एक मैफल टेपवर घेतली होती, तिचीच पुढे रेकॉर्ड निघाली. बाईंचं एवढंच गाणं मागे उरलंय. आता रेकॉर्ड कंपनी ते साफ करून पुन्हा काढणार होती आणि बाईंच्या घरच्यांनी कळवलं होतं, अंबूताई हो म्हणतील तेच जाऊ द्या. पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

“मूळ टेप आहे ना नीट?” मी विचारलं.

“संपली. उतरवून घेताना तिचा थर सुटला. आता ती परत वाजायची नाही. मी देईन तेच राहणार.”

घड्याळात सव्वाचार झाले होते.

त्यानं आधी जुनं, साफ न केलेलं लावलं. खरखर, मग बाईंची आलापी. तबला अजून सुरू झालेला नाही. आणि मग ती जागा. बाई एकदम थांबतात. अकरा सेकंद नुसती खरखर. मग षड्ज लागतो, आणि भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

जाणकार याला ‘बाईंचा विराम’ म्हणतात. त्यावर लेख लिहिलेत लोकांनी. मी स्वतः मुलींना तो शिकवलाय, बोटांवर सेकंद मोजून.

पुष्करनं तिथंच बंद केलं.

“ताई, मी खरखर काढली, तर खाली... खाली बाईंचा आवाज निघाला.”

“लाव.”

त्यानं लावला. दबका, दात आवळून बोललेला, पण स्वच्छ.

“बेसूर! ऊठ तिथनं.”

त्या मैफिलीत बाईंच्या मागे तंबोरा कुणाचा होता, ते रेकॉर्डच्या पाठीवर छापलेलंच आहे. अंबू केरकर. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

“तुम्ही घाबरू नका,” पुष्कर घाईघाईनं म्हणाला. “नव्यात मी ते पुसून टाकलंय. तुमची उतरलेली तार सरळ केली. अकराचे दोन सेकंद केले. कुणाला पत्ता लागायचा नाही. पण मग विराम गेला ना! लोक मला फाडून खातील. आणि जुनी तशीच दिली, तर उद्या दुसरा कुणीतरी खरखर काढणार, त्यालाही हे सापडणार. तीन दिवस घास गिळत नाहीये, ताई. इकडून तुमचं नाव जातं, तिकडून बाईंचं.”

“पुढचं ऐकलंस?” ताईंनी विचारलं.

“हो. म्हणजे, तपासलं.”

“ऐकलंस का?”

पुष्कर खाली बघायला लागला. ते अकरा सेकंद त्यानं तीनशे वेळा ऐकले असतील, एकदा जुने, एकदा नवे. पुढच्या आलापीची त्यानं संगणकाच्या पडद्यावर फक्त रेघ बघितली होती.

“नाही.”

“मीही नाही,” ताई म्हणाल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“रेकॉर्ड घरी आली तशी ट्रंकेत टाकली. वाटायचं, यात ते ऐकू येत असणार. सगळ्या गावाला ऐकू येतंय आणि माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही. कुणी लावलीच, तर मी चहा टाकायला उठायचे.”

खरंच उठायच्या! आणि आम्ही शहाणे म्हणायचो, गुरूंच्या आठवणीनं ताईंना भरून येतं.

“जुनी लाव. मध्ये हात लावायचा नाही.”

पुष्करचा फोन थरथरू लागला. कंपनीचाच असणार. त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात ताईंनी फोन उचलला आणि लोडाखाली सारला. तिथंही तो थरथरतच राहिला.

आलापी सुरू झाली. या वेळी मला तार उतरताना ऐकू आली. आजवर का आली नाही कोण जाणे. हळूहळू, लाजिरवाणी उतरत गेली. बाई थांबल्या. खरखर.

आणि खरखरीच्या तळाशी तार छेडल्याचा बारीक आवाज. सुराच्या खाली होती. पुन्हा छेडली. अजून कमीच. तंबोऱ्याचा मणी सरकवून कुणीतरी ती कणाकणानं चढवत होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा अंगठा मांडीवर सरकत होता आणि कपाळावर घाम आला होता, जणू बाई आत्ता समोर बसल्या आहेत.

तार लागली. त्याच तारेवर बाईंनी षड्ज ठेवला.

मी मेल्यासारखी झाले. इतकी वर्षं मुलींना मी काय शिकवत होते!

दोनतीन मिनिटं गेली असतील. पुढे एके ठिकाणी बाईंनी आलाप अर्धा सोडला, मागच्या शिष्येला गुरू जागा देतात तसा. आणि मागून एक कोवळा, घाबरलेला आवाज आला. त्यानं तो आलाप उचलला आणि षड्जावर नीट आणून ठेवला.

“हां!” बाई म्हणाल्या. चांगल्या मोठ्यानं. मी हे कितीदा ऐकलं होतं, पण ती दाद ताईंना आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

पुष्कर ताडकन उठला. “हे तर खरखरीच्या वर आहे! हे जुन्या रेकॉर्डवर कुणालाही ऐकू आलं असतं!”

ताईंनी पदर तोंडाला लावला. बावन्न वर्षं त्यांच्या कानात ते ‘ऊठ’ तेवढंच राहिलं होतं. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं...

बाजू संपली. पाचला सात मिनिटं होती. लोडाखाली पुन्हा थरथर सुरू झाली.

“खरखर काढ,” ताई म्हणाल्या. “तार उतरलेलीच राहू दे. अकराच्या अकरा सेकंद ठेव. बाई बोलल्या तेही ठेव.”

“ताई, अहो, बाईंनी तुम्हाला भर मैफिलीत ऊठ म्हटलं, हे सगळ्यांना ऐकू जाईल!”

“जाऊ दे.”

“आणि मला विचारतील, गुरूनं ऊठ म्हटल्यावर अंबूताई उठल्या कशा नाहीत? काय सांगू?”

ताईंनी लोडाखालचा फोन काढून त्याच्या हातात दिला.

“सांग, उठतच होते. म्हटलं, तेवढी तार लावून उठावं.”