नागपुरातला बर्फ

मॉडेल म्हणून गाजलेली शलाका नाईकवडी पहिल्या सिनेमाच्या चाचणीला गेली, तेव्हा दिग्दर्शक भास्करराव धायगुडे सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, कपडे मिरवणं सोपं. खोटं खरं वाटायला लावणं तुम्हाला जमायचं नाही. या आता!"

शलाका हलली नाही. "सर, गळ्यातला मफलर छान आहे. कुठला?"

भास्करराव खुलले. "जाहिरात पाहून घेतला. त्यातली तोंड झाकलेली पोरगी बर्फात अशी कुडकुडत होती, की मलाच हुडहुडी भरली!"

"ती मीच, सर. मे महिन्यात, नागपुरात. बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस होता."

सगळे खो खो हसले. भास्कररावांनी मफलरनेच कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "उद्या सातला या. नायिका तुम्हीच."