ओळंबा आणि फुगलेली भिंत

बैल चुन्याची घाणी फिरवायचे, त्या काळची ही गोष्ट. एका गावात चर्चचं बांधकाम चाललं होतं आणि पूर्वेकडची भिंत पोटात फुगली होती. भिंत सरळ आहे का ते दाखवणारा शामुवेल गवंड्याचा ओळंबा दोरीला लटकून तिला रोज सुनावायचा, "बाई, चार बोटं बाहेर आहात. छप्पर चढायच्या आत पाडणार तुम्हाला!"

भिंत घाबरून पोट आत ओढायची, की नवा तडा जायचा.

"आता पाच बोटं," ओळंबा म्हणायचा.

"मग सरळ करा ना मला, दादा!"

"छे! आम्ही फक्त दाखवतो."

छप्पर चढवायच्या दिवशी शामुवेल गवंडी आला. त्याच्या हातात पहार असणार म्हणून भिंतीने डोळे मिटले. पण तो स्वतःच्या घराचं छप्पर पेलणारं आढं काढून खांद्यावर घेऊन आला होता. त्याचा टेकू देऊन तो फुगलेल्या विटा एकेक करून नीट बसवू लागला.

"अहो, तुमच्या घराचं काय?" भिंतीने विचारलं.

"बघू नंतर. तू हलू नकोस."

काम संपलं. "पाहिलंत? माझ्या बोलण्याने सुधारली!" ओळंबा वाऱ्यावर झोके घेत ओरडला. शामुवेलने त्याला दोन बोटांनी धरून स्थिर केलं, तेव्हा कुठे ओळंब्याला भिंत सरळ दिसली.