पायपेटीला मिठी

नाटक कंपनीतले पेटीवादक केळुसकर मास्तर बायको गेल्यापासून कुणाशी फारसे बोलत नसत. मुक्काम हलला, की ते गुडघ्यांत वाकून, पाठ ताठ ठेवून, आपली अवजड पायपेटी, पायाने भाता मारून वाजवायची हार्मोनियम, छातीशी कवटाळत आणि एकटेच उचलत.

एकदा कंपनीचे मालक अच्युतबुवा सगळ्यांदेखत खवचटपणे म्हणाले, "काय मास्तर, बायको समजून मिठी मारलीत की काय?"

मास्तर पेटीसकट सावकाश उठले. "बुवा, ओझं लांब धरलं तर कंबर मोडते, जवळ घेतलं की हलकं होतं. तुम्ही सगळ्यांना चार हात लांब ठेवता, म्हणून तर आम्हाला इतके जड जाता!"

मंडळी पोट धरून हसली. बुवांची मान खाली गेली.

मास्तरांनी पेटी गाडीत ठेवली, आणि त्यांचे हात पुन्हा रिकामे झाले.