नाण्याला भोक कुठे पाडावे?

शूर्पारक बंदरी एकदा एक वृद्ध सुवर्णकार राहत असे. त्याच्याकडे एका व्यापाऱ्याने रोमहून आलेले चांदीचे नाणे आणले. नाण्याच्या एका बाजूस तिथला सम्राट, दुसऱ्या बाजूस त्याचा पुत्र. दोघांचीही तोंडे उजवीकडे वळलेली.

"उद्या सून घरात येते आहे," व्यापारी म्हणाला. "तिच्या माळेत हे मधोमध ओवा. भोक सम्राटाच्या डोक्यावर पाडा."

सुवर्णकाराच्या शिष्याने नाणे चिमटीत फिरवून पाहिले आणि तो चक्रावला. दोन्ही ठसे एकमेकांच्या उलट बसले होते. बाप सरळ धरला की मागचा मुलगा खाली डोके करून लटके.

"मग मुलाच्या डोक्यावर पाडा," सोबत आलेला व्यापाऱ्याचा मुलगा, उद्याचा नवरदेव, म्हणाला. "दर वेळी बापच का सरळ?"

"कारण तो बाप आहे!" व्यापारी कडाडला.

या बापलेकांत तसाही विस्तव जात नसे. नाणे एकच होते, आणि पाडलेले भोक काही बुजत नाही. शिष्याचा हात थांबला.

वृद्धाने नाणे त्याच्याकडून घेतले आणि कोणालाही न विचारता सम्राटाच्या नाकासमोर, कडेजवळ भोक पाडले.

"अहो, हे काय केलेत! दोघेही आडवे झाले!" बापलेक एकदमच ओरडले. कित्येक महिन्यांत त्यांचे प्रथमच एकमत झाले होते.

वृद्धाने नाणे माळेच्या दोऱ्यात ओवून शिष्याच्या गळ्यात घातले. "खाली बघ. काय दिसते?"

"सम्राट वर बघतो आहे." शिष्याने कुतूहलाने नाणे उलटले. "आणि हा मुलगाही! दोघे माझ्याच तोंडाकडे बघताहेत."

वृद्ध व्यापाऱ्याकडे वळला. "नाणे पेटीत ठेवायचे असते, तर डोके कोणाचे वर हा वाद शोभला असता. पण ही माळ सुनेच्या गळ्यात पडणार. बाप सरळ केला तर नवऱ्याला उलटे टांगून ती जन्मभर वावरणार. नवरा सरळ केला तर सासऱ्याला. परक्या घरून येणाऱ्या मुलीच्या गळ्यात तुमचे भांडण पहिल्याच दिवशी का बांधता? आता दोघांनाही थोडे कलावे लागले खरे, पण दोघांचे लक्ष तिच्याकडे आहे."

शिष्याने माळ काढून हळूच व्यापाऱ्याच्या हाती दिली. व्यापारी ती निरखीत राहिला. मग मुलाकडे न बघताच त्याने विचारले, "आवडेल का रे तिला?"

"ठाऊक नाही, बाबा," मुलगा ओशाळून म्हणाला. "तिला कोणी विचारलेच नाही."