नावाड्याची हरवलेली संध्याकाळ

फार फार वर्षांपूर्वी, वैद्य घोड्यावरून आणि सेवा करणाऱ्या बाया पायी फिरत, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा एक छान रीत होती. घरी येणारी बाई औषधाची वाटी पुढे करताना त्यात काय आहे ते आजाऱ्याला सांगायची. तो "दे" म्हणाला, तरच द्यायची. आता कुठे राहिलीय ती रीत!

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा नावाडी तापानं आजारी होता. त्याच्या सेवेला अशीच एक बाई रोज यायची. दिवस कलला की म्हातारा म्हणायचा, "पोरी, मला दारात नेऊन बसव." दारातून नदी दिसायची, पैलतीरावरच्या हाका ऐकू यायच्या. किती वऱ्हाडं, किती माहेरवाशिणी त्यानं पार उतरवल्या होत्या! त्या आठवणी सांगताना त्याचा चेहरा खुलायचा. बाईही कामं विसरून ऐकत बसायची.

पण दोनदा तो उंबरठ्यावर पडता पडता वाचला. त्याचा मुलगा धास्तावला. "बाई, दुपारच्या दुधात झोपेचं औषध घाला. त्यांना सांगू मात्र नका."

मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईला नाही म्हणवेना. तिनं औषध घातलं आणि म्हणाली, "दूध घ्या, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, काल संध्याकाळ झालीच नाही का गं?"

बाईनं सगळं कबूल केलं. म्हातारा रागावला नाही, पण तिच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. तापाचं औषध तसंच राहिलं. दुपारपर्यंत अंग चांगलंच तापलं.

बाई मुलाला म्हणाली, "दादा, भीती आपली, पण दुखणं त्यांचं. त्यांनाच विचारा."

मुलगा उशाशी बसला. "आबा, तुम्ही पडलात तर?"

"पडेन, लागेल. ते मला कळतं रे. पण माझ्या संध्याकाळी आता मोजक्या उरल्यात. पाठीला लोड द्या, जवळ बसा, पण मला दारात बसवा."

त्या दिवसापासून मुलगा रोज बापाशेजारी दारात बसू लागला. कधी न ऐकलेल्या गोष्टी त्यानं तेव्हा ऐकल्या. म्हाताराही बाईला विचारून, समजून घेऊन औषध घेऊ लागला.

अशा अकरा संध्याकाळी मिळाल्या. मग म्हातारा गेला. ती एक हरवली नसती तर बारा मिळाल्या असत्या, ही हळहळ मुलाला आणि बाईला जन्मभर पुरली.

तात्पर्य : माया कितीही खरी असली, तरी ज्याचं दुखणं त्याला आधी विचारावं.