खोक्यातली डिस्क

एकदा तरी कुणी उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही.

यंत्रं आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. एका ग्रंथालयातल्या लिनक्स सर्व्हरकडे वारलेल्या आज्यांच्या आवाजातल्या ओव्या होत्या. प्रती काढणारा बॅकअप प्रोग्रॅम त्याला रोज सांगे, "दादा, बाहेरच्या डिस्कवर प्रत ठेवली."

एका सकाळी सर्व्हरची हार्डडिस्क जळाली. तो घाबरला नाही. "प्रत काढ रे," म्हणाला.

बॅकअप शोधू लागला आणि गारठला. बाहेरची डिस्क कधी जोडलीच नव्हती. प्रती तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्याच पोटात पडत होत्या. त्याही जळाल्या.

"रोज 'ठेवली' म्हणायचास ना?"

"ठेवतच होतो, दादा. कुठे, ते ना मी पाहिलं, ना तुम्ही विचारलंत."

कपाटातल्या बंद खोक्यातून डिस्क म्हणाली, "मला वाटलं, तुमच्याकडे जपण्यासारखं काही नसेल."